घटक ४ : डॉक्टरांच्या व्यावसायिक संघटना आणि कामगार संघटनेची भूमिका

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –

• नियामक परिषद, व्यावसायिक संघटना आणि कामगार संघटना यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• ब्रिटिश मेडिकल असोसिएशनचा विद्वत्सभेपासून कामगार संघटनेपर्यंतचा प्रवास कालक्रमाने सांगता येईल.
• भारतातील डॉक्टरांच्या संघटनांचे कायदेशीर स्थान आणि त्यांतील अंतर्विरोध विशद करता येतील.
• डॉक्टरांच्या संपाविषयीच्या युक्तिवादांचे मूल्यमापन करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत तुम्ही कामगार संघटनांचा उदय आणि त्यांचे कार्य यांचा अभ्यास केला. 'कामगार संघटना' हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर गिरणी कामगार, गोदी कामगार किंवा एस.टी. कर्मचारी येतात, डॉक्टर सहसा येत नाहीत. डॉक्टरी हा प्रतिष्ठेचा पेशा आहे आणि त्यात सेवाभाव अपेक्षित आहे, असे आपण मानतो. वेतन, कामाचे तास आणि संप ही भाषा त्या पेशाला शोभत नाही, अशीही समजूत आढळते.

आता एक प्रसंग कल्पा. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी एक वृद्ध स्त्री पहाटेच्या गाडीने आली आहे. सोबत मुलगा आहे. त्याचा दिवसाचा रोज बुडालेला आहे. बाह्यरुग्ण विभागाच्या दाराशी फलक आहे : 'निवासी डॉक्टरांच्या काम बंद आंदोलनामुळे आज बाह्यरुग्ण सेवा बंद.' त्याच इमारतीच्या मागच्या अंगाला सलग दोन दिवस काम करून थकलेला, आदल्या रात्री रुग्णाच्या नातेवाइकांचा मार खाल्लेला एक तरुण डॉक्टर घोषणा देत उभा आहे. यांपैकी कोणाची बाजू न्याय्य आहे? की दोघांचीही? आणि दोघांची न्याय्य असेल, तर त्यांना एकमेकांसमोर उभे करणारी व्यवस्था कोणती?

या प्रश्नाचे उत्तर केवळ सहानुभूतीने मिळत नाही. त्यासाठी डॉक्टर कोणत्या नात्याने संघटित होतात, त्यांना मोबदला कोण देतो आणि त्यांची संघटना कोणाच्या वतीने बोलते, हे तपासावे लागते. प्रस्तुत घटकात आपण हेच करणार आहोत. त्यासाठी ब्रिटनचे उदाहरण विस्ताराने घेतले आहे. कारण तेथे एकाच संघटनेच्या इतिहासात हे संपूर्ण स्थित्यंतर पाहावयास मिळते.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ तीन प्रकारच्या संस्था

डॉक्टरांशी संबंधित सर्व संस्थांना आपण बोलीत 'डॉक्टरांची संघटना' म्हणतो. अभ्यासासाठी मात्र त्यांचे तीन प्रकार वेगळे ओळखणे आवश्यक आहे.

(अ) नियामक परिषद : ही कायद्याने निर्माण होते. डॉक्टरांची नोंदणी करणे, शिक्षणाचा दर्जा ठरवणे आणि गैरवर्तन करणाऱ्याचे नाव नोंदवहीतून काढून टाकणे, ही तिची कामे होत. ब्रिटनमध्ये १८५८ च्या वैद्यकीय कायद्याने स्थापन झालेली जनरल मेडिकल कौन्सिल, भारतातील राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आणि आपल्या राज्यातील महाराष्ट्र वैद्यक परिषद ही तिची उदाहरणे आहेत. नियामक परिषदेचे उत्तरदायित्व समाजाशी असते.

(आ) व्यावसायिक संघटना : ही एकाच पेशातील लोकांनी स्वेच्छेने स्थापन केलेली असते. ज्ञानाची देवाणघेवाण, परिषदा, नियतकालिके, पेशाची प्रतिष्ठा जपणे आणि शासनापुढे मत मांडणे ही तिची कामे. इंडियन मेडिकल असोसिएशन हे याचे उदाहरण.

(इ) कामगार संघटना : सिडनी व बिआट्रिस वेब या अभ्यासक दांपत्याने १८९४ मध्ये केलेल्या व्याख्येचा आशय असा, की वेतनावर जगणाऱ्यांनी आपल्या कामाच्या परिस्थितीचे रक्षण व सुधारणा करण्यासाठी उभारलेली सातत्यपूर्ण संघटना म्हणजे कामगार संघटना. सामूहिक वाटाघाटी हे तिचे मुख्य साधन आणि काम थांबवणे हे अखेरचे.

या वर्गीकरणातील खरी अडचण तुमच्या लक्षात आली असेल. वेब यांच्या व्याख्येत 'वेतनावर जगणारा' हा शब्द कळीचा आहे. स्वतःचा दवाखाना चालवणारा डॉक्टर रुग्णाकडून शुल्क घेतो; त्याला मालक नसतो. मालक नसेल, तर वाटाघाटी कोणाशी करायच्या? जोवर बहुसंख्य डॉक्टर स्वतंत्र व्यवसाय करत होते, तोवर त्यांना कामगार संघटनेची गरज भासली नाही. डॉक्टरांच्या उत्पन्नाचा मोठा भाग एकाच मोठ्या देयकाच्या – शासनाच्या, विमा यंत्रणेच्या किंवा रुग्णालयाच्या – हाती गेला, तेव्हा चित्र बदलले. हे सूत्र ध्यानात ठेवून पुढील इतिहास वाचावा.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) नियामक परिषदेचे उत्तरदायित्व कोणाशी असते?
(२) स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांना पूर्वी कामगार संघटनेची गरज का भासली नाही?

४.२.२ ब्रिटिश मेडिकल असोसिएशन : १८३२ ते १९४८

इंग्लंडमधील वुस्टर या गावी १८३२ मध्ये डॉ. चार्ल्स हेस्टिंग्ज यांच्या पुढाकाराने प्रांतीय डॉक्टरांची एक सभा स्थापन झाली. लंडनच्या बाहेर काम करणाऱ्या डॉक्टरांना एकत्र आणणे आणि वैद्यकीय ज्ञानाचा प्रसार करणे, हा तिचा हेतू होता. १८५६ मध्ये तिने 'ब्रिटिश मेडिकल असोसिएशन' हे नाव धारण केले. त्या काळी वैदू, भोंदू आणि प्रशिक्षित डॉक्टर यांच्यात कायद्याने भेद नव्हता. त्यामुळे नोंदणीचा कायदा व्हावा, ही संघटनेची आरंभीची महत्त्वाची मागणी होती. १८५८ च्या कायद्याने ती बऱ्याच अंशी पुरी झाली. म्हणजे पहिल्या टप्प्यातील संघर्ष पेशाचे प्रवेशद्वार राखण्याचा होता.

दुसऱ्या टप्प्यात पैशाचा प्रश्न पुढे आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधील अनेक श्रमिक परस्पर साहाय्य मंडळांचे सभासद होते. ही मंडळे सभासदांच्या वर्गणीतून डॉक्टर नेमत. श्रमिकांना स्वस्तात उपचार मिळत. परंतु डॉक्टरांना मिळणारे शुल्क तुटपुंजे असे आणि त्यांच्यावर मंडळाच्या सामान्य सभासदांचा वचक असे. येथे श्रमिकच सामूहिक रीतीने डॉक्टरचे मालक झाले होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

१९११ मध्ये लॉइड जॉर्ज यांनी राष्ट्रीय विमा कायदा संमत करून घेतला. त्यानुसार विमाधारक श्रमिकांना सूचीतील डॉक्टरकडून उपचार मिळणार होते आणि डॉक्टरला प्रतिमाणशी ठरावीक रक्कम मिळणार होती. संघटनेने विरोधाची मोठी मोहीम उघडली आणि सेवेवर बहिष्कार टाकण्याच्या प्रतिज्ञापत्रांवर डॉक्टरांच्या सह्या घेतल्या. सरकारने रक्कम वाढवली आणि वैद्यकीय सेवेचे नियंत्रण मंडळांकडून काढून स्थानिक विमा समित्यांकडे दिले. त्यानंतर १९१३ च्या प्रारंभापर्यंत डॉक्टर मोठ्या संख्येने योजनेत सामील झाले आणि संघटनेचा बहिष्कार कोसळला.

या प्रसंगातून दोन निष्कर्ष निघतात. एक, कायद्याने कामगार संघटना नसतानाही व्यावसायिक संघटनेने सामूहिक वाटाघाटी व बहिष्कार ही साधने वापरली. दोन, नेतृत्व आणि सामान्य सभासद यांचे हित नेहमी एक नसते. गरीब वस्तीत काम करणाऱ्या डॉक्टरला नव्या योजनेत पूर्वीपेक्षा अधिक आणि खात्रीचे उत्पन्न दिसत होते. म्हणून त्याने नेतृत्वाची वाट पाहिली नाही.

४.२.३ राष्ट्रीय आरोग्य सेवा आणि कामगार संघटनेचे रूप

दुसऱ्या महायुद्धानंतर मजूर पक्षाच्या सरकारातील आरोग्यमंत्री अ‍ॅन्युरिन बेव्हन यांनी सर्वांना मोफत उपचार देणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा उभारली. १९४६ मध्ये कायदा झाला आणि ५ जुलै १९४८ पासून सेवा सुरू झाली. आपण सरकारी नोकर होऊ, ही डॉक्टरांची मुख्य भीती होती. फेब्रुवारी १९४८ मध्ये संघटनेने घेतलेल्या मतदानात ४० हजारांहून अधिक डॉक्टरांनी योजना नापसंत केली. पसंती देणारे ५ हजारांहूनही कमी होते.

तरीही सेवा ठरल्या दिवशी सुरू झाली. बेव्हन यांनी डॉक्टरांच्या दोन गटांना वेगवेगळ्या सवलती दिल्या. रुग्णालयांतील विशेषज्ञांना सरकारी वेतनाबरोबर खासगी व्यवसाय करण्याची मुभा मिळाली. कुटुंब-डॉक्टरांना पगारी नोकर न करता स्वतंत्र कंत्राटदार म्हणून ठेवले आणि पूर्ण वेळ पगारी सेवा त्यांच्यावर लादली जाणार नाही, याची ग्वाही दिली. विरोधाची धार बोथट झाली. ज्या सेवेला या संघटनेने विरोध केला, तिच्याच संरक्षणासाठी पुढील काळात तीच संघटना आवाज उठवू लागली, हा इतिहासातील विरोधाभास होय.

१९४८ नंतर परिस्थिती मुळातून पालटली. आता देशातील बहुसंख्य डॉक्टरांचा मोबदला एकच देयक ठरवत होता : सरकार. मात्र संघटनेच्या घटनेनुसार तिला कामगार संघटनेसारखे वागता येत नव्हते. म्हणून १९४९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल गिल्ड' ही जोडसंस्था निर्माण करण्यात आली. प्रतिष्ठेची भाषा मूळ संघटनेने बोलावी आणि संघर्षाची हत्यारे जोडसंस्थेने बाळगावीत, अशी ही विभागणी होती.

१९६५ मध्ये या हत्याराचा वापर झाला. कुटुंब-डॉक्टरांचे उत्पन्न आणि कामाचा बोजा यांविषयीचा असंतोष शिगेला पोहोचला होता. गिल्डने सुमारे १८ हजार डॉक्टरांकडून तारीख न घातलेली राजीनामापत्रे गोळा केली. तारीख घालून ती सादर केली असती, तर कुटुंब-डॉक्टरांची सेवा कोसळली असती. आरोग्यमंत्री केनेथ रॉबिन्सन यांनी वाटाघाटी केल्या आणि १९६६ मध्ये नवा करार अंमलात आला. त्यानुसार दवाखान्याची जागा व मदतनीस यांच्या खर्चाला सरकारी साहाय्य मिळू लागले. या करारामुळे डॉक्टरांबरोबरच रुग्णांचाही लाभ झाला. कारण त्यातून अनेक डॉक्टरांनी एकत्र चालवलेल्या सुसज्ज दवाखान्यांना चालना मिळाली.

१९७० च्या दशकात औद्योगिक संबंधांचे कायदे बदलले आणि ब्रिटिश मेडिकल असोसिएशनला कामगार संघटना म्हणून कायदेशीर स्थान प्राप्त झाले. ब्रिटनमधील कामगार संघटनांच्या मध्यवर्ती महासंघाशी मात्र ती संलग्न झाली नाही. १९७५ मध्ये विशेषज्ञ आणि कनिष्ठ डॉक्टर या दोघांनीही वेगवेगळ्या कारणांसाठी आंदोलन केले. कनिष्ठ डॉक्टरांचा प्रश्न अतिरिक्त तासांच्या मोबदल्याचा होता. आंदोलनाच्या काळात त्यांनी आपले काम तातडीच्या सेवेपुरते मर्यादित ठेवले.

त्यानंतर दीर्घकाळ शांतता होती. २०१६ मध्ये सरकारने नवा करार लादण्याचा प्रयत्न केल्यावर कनिष्ठ डॉक्टरांनी अनेक संप केले. त्यांपैकी २६ व २७ एप्रिल २०१६ च्या संपात त्यांनी राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या इतिहासात प्रथमच तातडीच्या सेवेतूनही माघार घेतली. ती सेवा वरिष्ठ डॉक्टरांनी सांभाळली. मार्च २०२३ पासून संपांचे नवे पर्व सुरू झाले. २००८ पासून महागाईच्या तुलनेत घटलेले वेतन पूर्ववत करावे, ही मागणी होती. संपासाठी घेतलेल्या मतदानात सुमारे ७७ टक्के सभासदांनी भाग घेतला आणि त्यांपैकी ९८ टक्क्यांनी संपाच्या बाजूने कौल दिला. सप्टेंबर २०२४ मध्ये दोन वर्षांसाठी सरासरी सुमारे २२ टक्के वाढीचा करार झाला. त्याच महिन्यापासून 'कनिष्ठ डॉक्टर' ऐवजी 'निवासी डॉक्टर' ही संज्ञा तेथे रूढ करण्यात आली. तथापि हा वाद तेथेच संपला नाही. २०२५ मध्ये पुन्हा संप झाला.

येथे एक बाब लक्षात घ्या. ब्रिटनमध्ये संपापूर्वी टपालाने गुप्त मतदान, किमान सहभागाची अट आणि मालकाला आगाऊ सूचना ही कायदेशीर बंधने आहेत. सूचना मिळाल्याने रुग्णालयांना नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलता येतात आणि तातडीच्या विभागात वरिष्ठांची नेमणूक करता येते. म्हणजे संपाच्या हक्काला मान्यता आणि संपाच्या पद्धतीवर नियंत्रण, या दोन्ही गोष्टी तेथील कायद्याने एकत्र बांधल्या आहेत.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २

(अ) रिकाम्या जागा भरा.
(१) ब्रिटिश मेडिकल असोसिएशनची मूळ सभा ______ मध्ये वुस्टर येथे स्थापन झाली.
(२) १९४९ मध्ये स्थापन झालेल्या जोडसंस्थेचे नाव ______ होते.
(आ) चूक की बरोबर ते सांगा.
(१) राष्ट्रीय आरोग्य सेवेत कुटुंब-डॉक्टरांना पगारी सरकारी नोकर करण्यात आले.
(२) १९६५ मधील राजीनामापत्रांवर तारीख घातलेली नव्हती.

४.२.४ तुलनेसाठी दोन उदाहरणे

कॅनडा : सस्कॅचेवान प्रांताच्या सरकारने १ जुलै १९६२ रोजी सर्वांसाठी सार्वजनिक वैद्यकीय विमा सुरू केला, त्याच दिवशी तेथील बहुसंख्य डॉक्टरांनी दवाखाने बंद ठेवले. तातडीची सेवा काही रुग्णालयांपुरती चालू राहिली. सरकारने ब्रिटन व अन्य ठिकाणांहून डॉक्टर आणले. अखेर ब्रिटनचे लॉर्ड टेलर यांच्या मध्यस्थीने २३ जुलै रोजी सास्काटून येथे करार झाला. योजना टिकली, डॉक्टरांना शुल्क पद्धतीने व्यवसाय करण्याची मुभा राहिली. हा संप वेतनवाढीसाठी नव्हता. मोबदला कोणी व कसा द्यावा, या अधिकाराविषयी होता. येथे डॉक्टर आणि निवडून आलेले सरकार समोरासमोर होते, म्हणून त्याच्या न्याय्यतेची कसोटीही वेगळी लावावी लागते.

अमेरिका : १८४७ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे बहुसंख्य सभासद दीर्घकाळ स्वतंत्र व्यावसायिक होते. वॉशिंग्टनमधील एका सहकारी आरोग्य योजनेत पगारावर काम करणाऱ्या डॉक्टरांची कोंडी केल्याबद्दल या संघटनेला मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दोषी ठरवण्यात आले आणि १९४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. यातून पुढील भेद स्पष्ट होतो. नोकरी करणाऱ्यांनी वेतनासाठी एकत्र येणे ही सामूहिक वाटाघाट ठरते. स्वतंत्र विक्रेत्यांनी दर ठरवण्यासाठी एकत्र येणे ही मक्तेदारी ठरू शकते. याच तर्काने १९९९ मध्ये तेथील राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने खासगी रुग्णालयांतील निवासी डॉक्टर हे विद्यार्थी असले तरी कर्मचारीही आहेत, म्हणून त्यांना संघटना करण्याचा हक्क आहे, असा निर्णय दिला.

४.२.५ भारत व महाराष्ट्र

इंडियन मेडिकल असोसिएशनची स्थापना १९२८ मध्ये कोलकाता येथे झाली. ती कामगार संघटना म्हणून नोंदलेली नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली तिची नोंदणी आहे. तिच्या सभासदांत स्वतःचा दवाखाना चालवणारे, रुग्णालयांचे मालक असणारे आणि त्याच रुग्णालयांत पगारावर काम करणारे, असे सर्व प्रकारचे डॉक्टर आहेत. मालक आणि नोकर एकाच संघटनेत असतील, तर ती वेतनाच्या प्रश्नावर कोणाच्या बाजूने उभी राहील? म्हणून सर्वांना समान असणाऱ्या प्रश्नांवर, म्हणजे हल्ले, नियमन, कायदेशीर जबाबदारी यांवर, अशी संघटना अधिक प्रभावी ठरते. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येऊ नये, यासाठी तिने सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. १९९५ मध्ये न्यायालयाने शुल्क घेऊन दिलेली सेवा त्या कायद्याच्या कक्षेत येते, असा निकाल दिला. ही भूमिका कामगाराची नव्हती. सेवा विकणाऱ्या व्यावसायिकाची होती.

वेतन व कामाचे तास हे प्रश्न पुढे आणले ते निवासी डॉक्टरांच्या स्वतंत्र संघटनांनी. पदव्युत्तर शिक्षण घेत असताना सरकारी व महापालिका रुग्णालयांचा दैनंदिन भार वाहणारा डॉक्टर म्हणजे निवासी डॉक्टर. महाराष्ट्रातील त्यांची संघटना 'मार्ड' या नावाने ओळखली जाते. वेळेवर व पुरेसे विद्यावेतन, राहण्यायोग्य वसतिगृह, कामाच्या तासांना मर्यादा आणि सुरक्षा या तिच्या नेहमीच्या मागण्या. केंद्र शासनाच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग काम साधारणतः दिवसाला १२ तासांहून अधिक नसावे, अशी तरतूद आहे. तरतूद आणि वास्तव यांतील अंतर हेच आंदोलनांचे एक मूळ कारण होय.

कायद्याच्या दृष्टीने डॉक्टरांचे स्थान काय, हे पाहताना दोन प्रश्न वेगळे करावेत.

पहिला प्रश्न : रुग्णालय हा 'उद्योग' आहे का? मुंबईतील जे. जे. रुग्णालय समूहातून कमी केलेल्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात हॉस्पिटल मजदूर सभेच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये 'होय' असे उत्तर दिले. न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिलेले हे निकालपत्र महत्त्वाचे मानले जाते. १९७० मध्ये सफदरजंग रुग्णालयाच्या प्रकरणात न्यायालयाने भूमिका बदलली आणि १९७८ मध्ये बंगलोर पाणीपुरवठा प्रकरणात पुन्हा व्यापक व्याख्या स्वीकारली.

दुसरा प्रश्न : रुग्णालय उद्योग असले, तरी डॉक्टर 'कामगार' आहे का? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील व्याख्येत शारीरिक, कुशल, तांत्रिक, कारकुनी अशा कामांचा उल्लेख आहे. १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अध्यापन हे या प्रकारांत बसत नाही, असे ठरवले. हीच कसोटी लावल्यास रुग्णोपचार करणाऱ्या डॉक्टरला 'कामगार' ठरवणे कठीण जाते. परिणामी त्याच रुग्णालयातील कक्षसेवकाला जे संरक्षण मिळते, ते डॉक्टरला मिळेलच असे नाही. पुढे २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत १९२६ चा कामगार संघटना कायदा व १९४७ चा कायदा यांचे एकत्रीकरण करण्यात आले.

संपाच्या हक्काविषयी सर्वोच्च न्यायालयाची भूमिका अशी, की राज्यघटनेच्या कलम १९ मधील संघटना स्थापण्याच्या मूलभूत हक्कात संपाचा हक्क अंतर्भूत नाही. २००३ च्या तमिळनाडूतील प्रकरणात सरकारी कर्मचाऱ्यांबाबत न्यायालयाने अधिक कठोर भूमिका घेतली. त्यातच राज्य शासन 'मेस्मा' म्हणजे अत्यावश्यक सेवा कायद्याखाली संपाला मनाई करू शकते. या चौकटीमुळे आंदोलनाची नावे बदलतात. मार्च २०१७ मध्ये धुळ्यातील सरकारी रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला अमानुष मारहाण झाली, तेव्हा राज्यभरातील निवासी डॉक्टर 'सामूहिक रजे'वर गेले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे आले. न्यायालयाने डॉक्टरांना कामावर परतण्यास सांगितले आणि सुरक्षेचा प्रश्न शासनापुढे ठेवला. वास्तविक डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यातील आर. जी. कर रुग्णालयात एका महिला डॉक्टरवर अत्याचार करून तिचा खून झाला, त्यानंतर देशभर आंदोलन उसळले. त्या वेळी इंडियन मेडिकल असोसिएशननेही १७ ऑगस्टपासून २४ तास तातडीच्या सेवा वगळून काम बंद ठेवण्याचे आवाहन केले. सुरक्षेच्या प्रश्नावर व्यावसायिक संघटना आणि निवासी डॉक्टरांच्या संघटना एकत्र आल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

ब्रिटनशी तुलना केल्यास फरक ध्यानात येतो. तेथे मतदान, सूचना व वाटाघाटी यांचा ठरलेला मार्ग आहे. आपल्याकडे वाटाघाटींचा स्थायी मार्ग दुबळा असल्याने मागणी साचत जाते आणि एखाद्या हिंसक घटनेनंतर ती एकाएकी फुटते. अशा अचानक बंदची सर्वाधिक झळ पर्यायी खासगी उपचार न परवडणाऱ्या रुग्णाला बसते.

४.२.६ संपाचा नैतिक प्रश्न

विरोधी बाजू अशी : रुग्णाने डॉक्टरवर विश्वास ठेवून स्वतःला त्याच्या स्वाधीन केलेले असते. कारखान्यातील संपात मालकाचा नफा बुडतो. रुग्णालयातील संपात वाद नसलेल्या तिसऱ्या माणसाचे, म्हणजे रुग्णाचे, नुकसान होते. पेशाने मिळवलेली प्रतिष्ठा व स्वायत्तता या विश्वासाच्या बदल्यात मिळालेली आहे.

समर्थनाची बाजू अशी : थकलेला, असुरक्षित डॉक्टर चुका करतो आणि त्याची किंमतही रुग्णच मोजतो. अपुरे मनुष्यबळ हे रोजचे, न दिसणारे नुकसान आहे. विनंत्या व निवेदने निष्फळ ठरल्यावर काम थांबवण्याचा अखेरचा मार्गही नाकारला, तर सेवाभाव ही फुकट राबवून घेण्याची सबब बनते.

अनुभवजन्य पुरावा काय सांगतो? १९७६ ते २००३ या काळातील विविध देशांतील डॉक्टरांच्या संपांचा एक आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. संपकाळात मृत्युदर वाढल्याचे त्यात आढळले नाही. याचे स्पष्टीकरण असे, की तातडीची सेवा चालू होती आणि नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलल्याने त्यांतील जोखीमही टळली. परंतु या निष्कर्षावरून 'संप निरुपद्रवी असतो' असे अनुमान काढणे चूक ठरेल. पुढे ढकललेला उपचार, लांबलेली वेदना आणि बुडालेली रोजंदारी मृत्युदरात मोजली जात नाही. शिवाय जेथे वरिष्ठ डॉक्टर पुरेसे नाहीत, तेथे हा निष्कर्ष तसाच लागू करता येणार नाही.

म्हणून कोणत्याही आंदोलनाकडे पाहताना पुढील चार प्रश्न विचारावेत :
(१) मागणी करणारा नोकर आहे, स्वतंत्र व्यावसायिक आहे की मालक?
(२) मागणी मान्य झाल्यास रुग्णसेवा सुधारेल की केवळ पेशाचे उत्पन्न किंवा स्वायत्तता वाढेल?
(३) वाटाघाटींचे अन्य मार्ग खरोखर उपलब्ध होते का आणि ते अवलंबले गेले का?
(४) आगाऊ सूचना व तातडीची सेवा यांची व्यवस्था केली होती का?

प्रास्ताविकातील फलकापाशी आता परत जाऊ. त्या वृद्ध स्त्रीच्या मुलाचा रोज बुडाला, याला चौथ्या प्रश्नाचे उत्तर जबाबदार आहे. आणि तो तरुण डॉक्टर रस्त्यावर आला, याला तिसऱ्या प्रश्नाचे. दोघेही एकाच अपुऱ्या सार्वजनिक व्यवस्थेच्या दोन टोकांना उभे आहेत. त्यांना एकमेकांचे शत्रू मानल्यास त्या व्यवस्थेच्या जबाबदारीचा प्रश्न बाजूला पडतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – ३

थोडक्यात उत्तरे लिहा.
(१) इंडियन मेडिकल असोसिएशनला वेतनाच्या प्रश्नावर भूमिका घेणे अवघड का जाते?
(२) संपकाळात मृत्युदर न वाढण्याचे कोणते स्पष्टीकरण दिले जाते?

४.३ सारांश

नियामक परिषद समाजाला, व्यावसायिक संघटना पेशाला आणि कामगार संघटना नोकरी करणाऱ्या सभासदाला उत्तरदायी असते. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १८३२ मध्ये विद्वत्सभा म्हणून आरंभ केला. १९११ व १९४८ मध्ये राज्यसंस्था मोबदला देणारी झाली, तसतशी ती वाटाघाटींकडे वळली आणि १९७० च्या दशकात कायद्यानेही कामगार संघटना ठरली. सस्कॅचेवानचा संप अधिकारासाठी होता. अमेरिकेत नोकर डॉक्टर व स्वतंत्र डॉक्टर यांना वेगळे नियम लागू झाले. भारतात व्यावसायिक संघटना आणि निवासी डॉक्टरांच्या संघटना यांची कामे विभागलेली आहेत. डॉक्टरांचे 'कामगार' म्हणून स्थान संदिग्ध आहे आणि वाटाघाटींचा स्थायी मार्ग दुबळा आहे. संपाचे मूल्यमापन करताना मागणी करणाऱ्याचे स्थान, मागणीचा रुग्णसेवेवरील परिणाम, अन्य मार्गांची उपलब्धता आणि रुग्णाच्या संरक्षणाची व्यवस्था हे चार निकष उपयुक्त ठरतात.

४.४ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (१) नियामक परिषदेचे उत्तरदायित्व समाजाशी असते. (२) ते रुग्णाकडून शुल्क घेत आणि त्यांना मालक नसल्याने वाटाघाटी करण्यासाठी दुसरा पक्ष नव्हता.

प्रश्न – २ : (अ) (१) १८३२ (२) ब्रिटिश मेडिकल गिल्ड. (आ) (१) चूक (२) बरोबर.

प्रश्न – ३ : (१) तिच्या सभासदांत रुग्णालयांचे मालक आणि पगारी डॉक्टर हे दोन्ही असल्याने वेतनाच्या प्रश्नावर त्यांचे हितसंबंध परस्परविरोधी असतात. (२) तातडीची सेवा चालू राहते आणि नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलल्याने त्यांतील जोखीम त्या काळापुरती टळते.

४.५ स्वाध्याय

(१) 'मोबदला देणारा एक झाला, की संघटनेचे स्वरूप बदलते.' ब्रिटनच्या उदाहरणाच्या आधारे या विधानाची चर्चा करा.
(२) भारतीय कायद्यातील 'उद्योग' व 'कामगार' या संकल्पनांच्या संदर्भात डॉक्टरांचे स्थान स्पष्ट करा.
(३) क्षेत्रीय कार्य : तुमच्या परिसरातील सरकारी रुग्णालयात काम केलेल्या एका डॉक्टरशी किंवा परिचारिकेशी आणि आंदोलनाच्या दिवशी तेथे गेलेल्या एका रुग्णाशी अथवा नातेवाइकाशी बोला. दोघांचे म्हणणे नावे न देता लिहून काढा आणि ४.२.६ मधील चार प्रश्नांच्या आधारे तुमचे मत सुमारे ३०० शब्दांत मांडा.